चकली मान वेळावते

सापाला मी भिते, हे आधीच सांगून टाकलेले बरे. नागपंचमीला पाटावर गंधाने रेखलेला नाग आणि कवितेत उपमेदाखल येणारा नाग, यांपलीकडे त्या जमातीशी माझा कधी संबंध आला नव्हता. आणि यावा अशी इच्छाही नव्हती. वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकविणाऱ्या बाईला साप भेटतो तो अलंकारात, फार तर म्हणीत. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत इंग्लंडला ताईकडे जाण्याचा योग आला आणि तिच्या घरी, जिना चढून डाव्या हाताच्या खोलीत, एक जिताजागता साप माझ्या पुढ्यात आला. त्याचे नाव चकली.

नाव ताईनेच ठेवलेले. माझ्या भाच्याने तीन वर्षांपूर्वी स्वतः साठविलेल्या पैशांतून हे पिल्लू विकत आणले, तेव्हा ताईने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी धीर करून तिने पेटीत डोकावून पाहिले, तर ते पिल्लू अंगाचे वेटोळे करून, डोके मध्ये खुपसून असे काही बसले होते, की तिच्या तोंडून सहज निघून गेले, "अगंबाई, चकलीच की ही!" ज्याला एकदा नाव ठेवले त्याला घराबाहेर काढता येत नाही, हे ज्यांच्या घरी मांजराचे पिल्लू 'फक्त एक रात्र' म्हणून आले आहे, त्यांना मी सांगायला नको.

चकली दिसायला सुंदर होती, हे मला माझी भीती बाजूला ठेवून कबूल केले पाहिजे. हळदीची छटा असलेले तपकिरी अंग, त्यावर काळ्या बारीक रेघांचे जाळे, आणि कुशीकडे ते जाळे विरळ होत होत पांढऱ्यात मिसळून गेलेले. एखाद्या कसबी रंगाऱ्याने एका केसाच्या कुंचल्याने काढावे तसे. भाच्याने तिला हातावर घेतले तेव्हा तिने मान उचलली, आणि ती मान सावकाश डावीकडे कलली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे.

"किती छान डोलते रे! पुंगीवाचून डोलणारा साप मी पहिल्यांदाच पाहिला," मी म्हटले.

भाचा एरवी बडबड्या. पण त्या वेळी तो काही बोलला नाही. त्याने चकलीला अलगद पेटीत ठेवले आणि झाकण लावले.

खरा प्रकार मला दुसऱ्या दिवशी रात्री कळला. त्या दिवशी चकलीच्या जेवणाचा वार होता. (जेवण म्हणजे गोठविलेला उंदीर. तो ठेवायला ताईने गॅरेजमध्ये निराळा फ्रीझर घेऊन दिला आहे. आपल्या कोथिंबीरवड्यांच्या शेजारी तो राहणार नाही, ही तिची एकमेव अट.) भाच्याने ऊन पाण्यात ठेवून मऊ केलेला उंदीर चिमट्यात धरून चकलीपुढे नेला. साप विजेसारखा झेपावतो असे आपण ऐकतो. चकलीही झेपावली, पण उंदराच्या बोटभर बाजूला. पुन्हा झेपावली, ती वर. तिसऱ्या वेळी तिची मान अशी काही पिळवटली, की डोके उलटे होऊन हनुवटी आढ्याकडे झाली. क्षणभर तिला वर कोणते नि खाली कोणते हेच उमगेना. शेवटी भाच्याने उंदीर तिच्या ओठांना टेकवला, तेव्हा कुठे तिने तो धरला.

"हा आजार आहे का रे?" मी विचारले.

"आजार नाही, मावशी," तो म्हणाला. "ती अशीच जन्मते. तिच्या अंगावरची नक्षी आणि हे, दोन्ही एकत्रच येतात."

आपल्या भाषेत 'मान वेळावणे' हा सौंदर्याचा विभ्रम आहे. मी वर्गात तो शब्द कितीदा समजावून सांगितला असेल! त्या रात्री मात्र त्याच शब्दाचा दुसरा अर्थ माझ्यापुढे पेटीत वेटोळे घालून बसला होता.

मूळचा गाव

भाच्याने पुढचे आठ दिवस माझी जी शिकवणी घेतली, तिच्यातून व नंतरच्या माझ्या वाचनातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवते.

चकलीची जात अजगराची; पण हा अजगर आपल्याकडच्या अजगरासारखा आडदांड नव्हे. तीन ते पाच फूट लांबीचा, बिनविषारी आणि स्वभावाने अतिशय भित्रा. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवितो, म्हणून अमेरिकेत त्याला 'बॉल पायथन' म्हणतात. इंग्लंडात त्याचे नाव 'रॉयल पायथन', म्हणजे राजेशाही अजगर. त्याचा मुलूख पश्चिम व मध्य आफ्रिका. दिवसा उंदराघुशींच्या बिळांत नाही तर वाळवीच्या वारुळांत पडून राहावे आणि रात्री शिकारीला निघावे, असा त्याचा क्रम. मादी एका वेळी चार ते दहाच्या आसपास अंडी घालते आणि सुमारे दोन महिने त्यांना वेटोळे घालून बसून राहते.

बेनिन देशात उइदा नावाचे एक गाव आहे. तेथे या अजगरांचे देऊळ आहे. वोदून धर्माचे लोक त्यांना पवित्र मानतात व देवळात बाळगतात. वारुळाला हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्या आयाबायांना तेथे परके वाटण्याचे कारण नाही. पण याच बेनिनमधून, आणि शेजारच्या टोगो व घाना या देशांतून, गेल्या काही दशकांत लक्षावधी बॉल पायथन अमेरिकेत नि युरोपात पाळण्यासाठी पाठविले गेले. एकाच मुलखात एकाच प्राण्याची पूजाही व्हावी आणि पेट्या भरून निर्यातही व्हावी, यात आपण नाक मुरडण्यासारखे काही नाही. आपलाही व्यवहार याहून फार वेगळा नाही.

रंगांचा बाजार

रानात जन्मणारा बॉल पायथन गडद तपकिरी असतो व त्याच्यावर फिकट ठिपके असतात. पाचोळ्यात दडायला तोच रंग सोयीचा. पण लाखो सापांत एखादा निराळ्या रंगाचा निघतोच. असे निराळे नग शौकिनांनी वेचून काढले आणि त्यांची पैदास सुरू केली. १९९२ साली अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी पांढऱ्यापिवळ्या, लाल डोळ्यांच्या 'अल्बिनो' बॉल पायथनची पिल्ले पहिल्यांदा मिळविली आणि हा रंग पिढीजात उतरतो हे सिद्ध झाले. तेथून या धंद्याला भरती आली. अशा प्रत्येक निराळ्या रंगरूपाला 'मॉर्फ' म्हणतात. आज त्यांच्या मिश्रणांची संख्या हजारांत मोजावी लागते. आणि नवा मॉर्फ प्रथम बाजारात येतो तेव्हा एकेका सापाला हजारो डॉलर मोजणारे लोक निघतात.

चकलीचा मॉर्फ 'स्पायडर', म्हणजे कोळी. अंगावरच्या जाळ्यामुळे हे नाव पडले. आफ्रिकेतून आलेल्या अशा एका सापापासून १९९९ साली अमेरिकेतील केव्हिन मक्कर्ली यांनी हा वंश चालविला. जगातले सगळे स्पायडर त्या मूळ वंशाचेच विस्तार मानले जातात.

या मॉर्फचा मोठा गुण म्हणजे तो फार लवकर 'फळ' देतो. अल्बिनोचा गुण सुप्त असतो. तो आई व बाप या दोघांकडून यावा लागतो. स्पायडरचा गुण प्रभावी आहे. आईबापांपैकी एकच स्पायडर असला तरी सरासरीने निम्मी पिल्ले जाळे घेऊन अंड्यातून बाहेर पडतात. आठ अंड्यांत चार स्पायडर! पैदास करणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार? एक नर घ्यावा, चार साध्या माद्यांशी त्याची जोडी जमवावी आणि वर्षभरात पैसे वसूल करावे. म्हणता म्हणता स्पायडर जगभर पसरला आणि इतर मॉर्फांशी मिसळून त्याच्या पोटी नवी नवी नावे जन्माला आली.

आणि प्रत्येकाबरोबर मान वेळावणेही गेले.

कानातली गोम

या विकाराला इंग्रजीत 'वॉबल' म्हणतात. कुणाची मान नुसती थरथरते, कुणाचे डोके कलते, कुणाची मान स्क्रूसारखी पिळवटते; कुणाला उताणे ठेवले तर सुलटे होता येत नाही. एकाच सापात तो कधी कमी तर कधी जास्त दिसतो. साप घाबरला वा जेवणासाठी उतावीळ झाला की तो वाढतो. मात्र थोड्याफार प्रमाणात तो प्रत्येक स्पायडरमध्ये असतो.

सुरुवातीला अनेक शौकिनांची समजूत अशी होती, की हा नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्याचा परिणाम असावा. बाहेरचे, बिननात्याचे रक्त आणले की पाच-सहा पिढ्यांत दोष धुऊन निघेल. आपल्याकडे सगोत्र विवाह टाळण्यामागे सांगतात, तसेच हे तर्कशास्त्र. तसे करूनही पाहिले. कित्येक पिढ्या बाहेरच्या सापांशी जोड्या लावल्या. दोष गेला नाही. तो जाणारही नव्हता. कारण नक्षी आणि दोष ही दोन भावंडे नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या. जाळे नसलेल्या भावंडांना मान वेळावण्याचा विकार नाही. जाळे असलेल्यांपैकी एकाचीही त्यातून सुटका नाही. दोन स्पायडरांची जोडी लावली तर दोघांकडून तो गुण घेतलेली पिल्ले निघायला हवीत. पण असे पिल्लू जिवंत असल्याचे कुणी सिद्ध केलेले नाही. ती अंड्यातच मरत असावीत, असा तर्क आहे.

नेमके बिघडते कोठे? २०१४ साली ब्रिटनमधील दोन अभ्यासकांनी पशुवैद्यकीय नियतकालिकात हा प्रश्न मांडला व त्यातून या प्राण्यांच्या सुखदुःखाविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या. २०२२ साली जर्मनीतील संशोधकांनी क्ष-किरणांच्या सूक्ष्म यंत्राने स्पायडर सापांच्या डोक्याच्या आतील रचना टिपली आणि ती साध्या सापांच्या रचनेशी ताडून पाहिली. सापाला बाहेरून कान नसतो, पण आतला कान असतो. माणसाप्रमाणेच त्यात द्रव भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि लहान पिशव्या असतात. डोके कोणत्या बाजूला वळले, खाली कोणते नि वर कोणते, हे त्या मेंदूला कळवितात. गवंड्याच्या ओळंब्याचेच काम म्हणा ना! स्पायडर सापांत या नलिका बेढब रुंदावलेल्या आढळल्या, आणि त्यांतील एक पिशवी फारच लहान व वेडीवाकडी. ओळंबाच वाकडा असेल तर भिंत सरळ कशी उभी राहणार?

रंगाचा आणि कानाचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. मलाही पडला होता. गर्भ अगदी लहान असताना त्याच्या पाठीच्या रेषेवर पेशींचा एक समूह तयार होतो आणि तेथून त्या पेशी शरीरभर पांगतात. कातडीला रंग देणाऱ्या पेशी त्यांतूनच होतात, आणि आतल्या कानाच्या घडणीतही त्यांचा हात असतो. तेव्हा रंगाचा आराखडा बदलणारा गुण कानाचाही आराखडा बिघडवीत असेल, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. ही गोष्ट केवळ सापांची नाही. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरे बहुधा बहिरी असतात, हे डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे. ठिपकेवाल्या डाल्मेशियन कुत्र्यांतही जन्मतः बहिरेपण पुष्कळ आढळते.

सगळेच मॉर्फ असे दोषी आहेत, असे मात्र नाही. अल्बिनो किंवा पांढऱ्या पट्ट्यांचा 'पायबाल्ड' यांच्या माथी असा विकार नाही. उलट काहींची कहाणी स्पायडरहून वाईट. 'कॅरमेल अल्बिनो'त पाठीचा कणा मुडपलेली पिल्ले निघतात. 'डेझर्ट' या मॉर्फच्या माद्यांना अंडी नीट घालताच येत नाहीत, आणि त्या पायी त्या मरतात. सापांचीच चुलत भावंडे असलेल्या पालींत 'लेमन फ्रॉस्ट' नावाचा एक पिवळाधमक प्रकार निघाला. त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक पालींना कातडीच्या रंगपेशींच्या गाठी होतात, असे २०२१ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. जिच्यामुळे ती पाल उजळ दिसे, त्या पेशींची बेसुमार वाढ म्हणजेच तो रोग.

दोन बाजू

पैदास करणाऱ्यांना काही म्हणायचेच नाही, असे नव्हे. ते म्हणतात, स्पायडर खातो, कात टाकतो, अंडी घालतो, साध्या सापाइतका जगतो. त्याला वेदना होते याचा पुरावा काय? त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. साप ओरडत नाही, विव्हळत नाही, त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. वेदना असल्याचा पुरावा देणे कठीण, हे खरे. पण म्हणून वेदना नसल्याचाही पुरावा होत नाही. आणि वर-खाली न कळणे हीच एक यातना आहे, हे ज्याला एकदा घेरी आली आहे त्याला पटावे.

ब्रिटनमधील आंतरराष्ट्रीय सर्पशास्त्र संस्थेने २०१८ साली आपल्या मेळाव्यांत स्पायडर विकण्यास बंदी केली. जर्मनीच्या प्राणिरक्षण कायद्यात तर ज्या पैदाशीमुळे संततीला यातना होतील त्या पैदाशीलाच मनाई आहे; अशा पैदाशीला त्यांच्या भाषेत 'यातनेची पैदास' अशा अर्थाचा एक शब्दच आहे. पुष्कळ देशांत मात्र हा प्रश्न ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोडलेला आहे.

'हे सगळे तिकडचे', असे आपण म्हणू नये. २०२३ च्या डिसेंबरात मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या नि केकच्या पुड्यांत दडविलेले नऊ बॉल पायथन सापडले होते. असले प्राणी बाळगणाऱ्यांनी सरकारदरबारी नोंद केली पाहिजे, असे नियम २०२४ साली आले. म्हणजे शौक आपल्याही दारात आला आहे. नाग, धामण पकडून पाळणे गुन्हा आहे हे ठाऊक असलेली सुशिक्षित मंडळी 'हा परदेशी आहे, चालतो' असे म्हणून मोकळी होतात.

लाडू

आता जे सांगायचे ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

माझ्या मुक्कामाच्या दहाव्या दिवशी भाच्याने सहज सांगितले, की चकली आता वयात आली आहे. मित्राचा एक नर तो हिवाळ्यात आणणार आहे. पिल्ले विकून कॉलेजचा थोडा खर्च निघेल. त्याने इसाराही दिला होता. मी एकदम मास्तरीण झाले. "ती शिकार धरू शकत नाही हे रोज पाहतोस, आणि तसलीच आणखी चार जन्माला घालणार?" असे काहीबाही मी पुष्कळ बोलले.

त्याने सारे ऐकून घेतले. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मावशी, लाडू घोरायचा तेव्हा आपण सगळे हसायचो ना गं?"

लाडू म्हणजे आमचा पग जातीचा कुत्रा. ते चपट्या नाकाचे, वाटोळ्या डोळ्यांचे ध्यान एका जाहिरातीमुळे घरोघर लाडके झाले होते. माझ्या मुलीने हट्ट धरला आणि मीही तो पुरवला. लाडू जिना चढला की धापा टाकी, झोपला की घोरे, आणि आम्ही पाहुण्यांना हाक मारून ते घोरणे ऐकवीत असू. या कुत्र्यांचे तोंड माणसाच्या बाळासारखे दिसावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आखूड नाकाचीच जनावरे निवडली गेली. कवटी आखूड झाली, पण आतले टाळूचे मांस तेवढेच राहिले, नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद झाल्या. ते घोरणे नव्हतेच. ती श्वासासाठी चाललेली झटापट होती. कुत्रा धापेवाटेच अंगातली उष्णता बाहेर टाकतो. ज्याला धड धापही टाकता येत नाही, त्याने पुण्यातला एप्रिल कसा काढावा? सहाव्या वर्षी, एका दुपारी, मी कॉलेजातून घरी येण्यापूर्वीच लाडू गेला. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. मी उन्हाला बोल लावला आणि विषय मिटविला.

भाचा तेव्हा आमच्याकडे सुटीला आलेला होता. बारा वर्षांचा असेल. त्याला सगळे आठवत होते.

मला उत्तर सुचले नाही. त्यानेही ते मागितले नाही. ताई खालून जेवायला हाका मारीत होती.

दोष आपण दुसऱ्याच्या पेटीत चटकन पाहतो. आपल्या मांडीवर घोरत असलेला दोष आपल्याला गोजिरवाणा वाटतो. साप काय, पग काय, कुणाला सुंदर म्हणायचे हे आपण ठरवितो आणि त्याची किंमत ते जनावर जन्मभर देत राहते. विकत घेणारा मागतो, म्हणून पैदास करणारा काढतो. ही साखळी तुटायची असेल तर ती पैदास करणाऱ्याच्या दारात तुटेल तेव्हा तुटो; माझ्यासारखीच्या हातात तिचे दुसरे टोक आहे. पिल्लू कितीही गोंडस असो, 'याचे आईबाप धड श्वास घेतात का? धड चालतात का? ही खोड याच्या रूपाबरोबरच येते का?' एवढे तीन प्रश्न विचारायला पैसा पडत नाही.

मी परत आल्यावर महिन्याभराने ताईचा फोन आला. भाच्याने नर आणण्याचे रहित केले होते. इसाऱ्याचे पैसे बुडाले, आणि सुटीत तो एका दुकानात काम करून ते भरून काढीत होता. चकलीच्या पेटीतली चढायची फांदी त्याने काढून टाकली आहे, कारण तिच्यावरून ती पडते. तिला आता चिमट्याने नाचवून खाऊ घालीत नाहीत. उंदीर बशीत तिच्या तोंडापाशी ठेवून, दिवा मालवून, दार लोटून घेतात. अंधारात, घाई नसली की ती बहुतेक वेळा तो आपला आपण शोधते. नीट सांभाळले तर हे अजगर वीस-वीस, तीस-तीस वर्षे जगतात. म्हणजे भाच्याचे लग्न होईल, मुले होतील, तरी चकली घरात असणार.

"मग काय करणार?" ताई म्हणाली. "आणली आहे ना, आता सांभाळायची. पण तिच्यामागे आणखी नकोत."